रेवदंड्याचा खेळाडू आणि विद्यापीठांच्या बदलत्या सीमा

कुंडलिका नदीच्या मुखाशी, अलिबागच्या दक्षिणेस सुमारे १७ किलोमीटरवर वसलेले रेवदंडा हे गाव महाविद्यालयीन खेळांच्या हिशेबात मुंबईचे, क्रिकेट संघटनेच्या हिशेबात पुण्याचे आणि कबड्डीच्या हिशेबात स्वतःच्या रायगड जिल्ह्याचे आहे. अलिबागच्या महाविद्यालयात शिकणारा येथील विद्यार्थी आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी निवडला गेला, तर तो मुंबई विद्यापीठाच्या संघातून खेळतो. तोच क्रिकेटमध्ये रणजी करंडकापर्यंत पोहोचला, तर त्याचा संघ महाराष्ट्राचा असतो आणि मुंबई त्याची प्रतिस्पर्धी ठरते. आणि राज्य कबड्डी स्पर्धेत तो रायगड म्हणून मैदानात उतरतो. या तीन सीमा तीन वेगवेगळ्या काळांत आणि वेगवेगळ्या कारणांनी आखल्या गेल्या, आणि त्यांतील विद्यापीठाची सीमा तर खेळाचा विचार मनात धरून आखलेलीच नव्हती. महाविद्यालयीन खेळाचा आपल्याकडील इतिहास समजून घ्यायचा असेल, तर चषक आणि विक्रम यांच्या आधी या सीमांकडे पाहावे लागते.

अमेरिकेत असा प्रश्न अगदी वेगळ्या रूपाने उभा राहतो. तेथे विद्यापीठे परस्परांशी नियमित सामने खेळण्यासाठी स्वतःहून संघटना स्थापन करतात आणि त्या संघटनांना ‘कॉन्फरन्स’ म्हणतात. १८९६ साली सुरू झालेली ‘बिग टेन’ ही त्यांतील सर्वांत जुन्यांपैकी एक होय. १९८४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने फुटबॉल सामन्यांच्या प्रक्षेपणावरील राष्ट्रीय संघटनेचे नियंत्रण मोडून काढले, तेव्हापासून दूरचित्रवाणीचा पैसा हे कॉन्फरन्स बदलण्याचे प्रमुख कारण झाले. त्याचा परिणाम असा की २०२४ मध्ये पॅसिफिक किनाऱ्यावरील ‘पॅक-१२’ ही संघटना जवळजवळ मोडकळीस आली. लॉस एंजेलिसची दोन विद्यापीठे आणि ओरेगन, वॉशिंग्टन ही विद्यापीठे बिग टेनमध्ये गेली, स्टॅनफर्ड व बर्कली यांनी तर अटलांटिक किनाऱ्याच्या नावाची संघटना जवळ केली आणि ओरेगन स्टेट व वॉशिंग्टन स्टेट ही दोनच विद्यापीठे मागे उरली. जलतरण किंवा व्हॉलीबॉल यांसारखे पैसा न मिळवणारे खेळ खेळणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यामुळे देशाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे प्रवास करावा लागतो. कोकणातील महाविद्यालयाला मात्र आपला प्रतिस्पर्धी निवडण्याची मोकळीक कधीच मिळाली नाही. त्याचे प्रतिस्पर्धी विधिमंडळाच्या कायद्याने ठरत आले आणि त्या कायद्यांचा हेतू परीक्षा, अभ्यासक्रम व पदव्या यांची व्यवस्था लावण्याचा होता.

मुंबई विद्यापीठ १८ जुलै १८५७ रोजी स्थापन झाले, तेव्हा त्याच्या कार्यक्षेत्रात, म्हणजे ज्या भूभागातील महाविद्यालये त्याच्याशी संलग्न होऊ शकत होती त्यात, संपूर्ण मुंबई इलाखा येत होता. कराचीपासून धारवाडपर्यंतची महाविद्यालये एकाच परीक्षा मंडळाखाली होती आणि पुण्याचे डेक्कन व फर्ग्युसन, मुंबईचे एल्फिन्स्टन व विल्सन, अहमदाबादचे गुजरात महाविद्यालय ही सर्व एका विद्यापीठाची अंगे होती. त्या काळी महाविद्यालयाचा खेळ हा ‘जिमखान्या’चा विषय होता. महाविद्यालयाच्या क्रीडाविभागाला आजही याच नावाने ओळखले जाते आणि शुल्काच्या पावतीवरही ते नाव टिकून आहे. रेवदंड्याच्या मुलाला पदवी शिक्षण घ्यायचे, तर गाव सोडूनच जावे लागे. अलिबागला जनता शिक्षण मंडळाचे महाविद्यालय १९६१ साली निघाले, म्हणजे विद्यापीठाच्या स्थापनेनंतर शंभराहून अधिक वर्षे या किनाऱ्याचा खेळाडू विद्यापीठाच्या मैदानावर आपल्या भूमीतून जाऊ शकला नाही. तो गेला असेल तर गिरगाव किंवा पुणे येथील वसतिगृहाचा रहिवासी म्हणून गेला.

मुंबईच्या क्रिकेटमध्ये मात्र त्याच काळात संघरचनेचा आधार विद्यापीठ नव्हता, तर धर्म आणि वंश होता. १८९२ पासून युरोपीय व पारशी यांच्यात इलाखा सामना होऊ लागला, १९०७ मध्ये हिंदू आणि १९१२ मध्ये मुस्लिम संघ त्यात आले आणि १९३७ मध्ये ख्रिस्ती, ज्यू इत्यादी उरलेल्या समाजांचा ‘द रेस्ट’ नावाचा पाचवा संघ स्वीकारण्यात आला. रेवदंडा-कोर्लई परिसराकडे या रचनेतून पाहिले, तर तिचे ओझे ध्यानी येते. पोर्तुगीजांच्या किल्ल्यात वसलेल्या आणि १७४० मध्ये मराठ्यांच्या हाती आलेल्या या गावात हिंदू आणि मुसलमानांबरोबर बेने इस्रायल ज्यूंचीही वस्ती होती, तर खाडीपलीकडे कोर्लईत आजही पोर्तुगीज वळणाची बोली बोलणारा ख्रिस्ती समाज राहतो. एकाच पुळणीवर एकत्र खेळणाऱ्या मुलांना मुंबईच्या त्या मैदानावर तीन निरनिराळ्या संघांत विभागले गेले असते. महात्मा गांधींनी १९४० मध्ये या पद्धतीस विरोध नोंदवला आणि १९४६ पर्यंत ती संपुष्टात आली. क्रिकेटचा आधार जमातीऐवजी प्रदेश असावा, ही १९३४ साली सुरू झालेल्या रणजी करंडकामागील रचना तोवर स्थिरावली होती. भारतीय खेळातील सर्वांत मोलाची पुनर्रचना कोणती, असा प्रश्न विचारला, तर उत्तर हेच द्यावे लागेल.

विद्यापीठांमधील क्रिकेट याच दशकात संघटित झाले. मुंबईचे ए. डी. बारिया यांनी आपल्या पुत्राच्या स्मरणार्थ दिलेल्या रोहिंटन बारिया करंडकासाठी १९३५-३६ पासून आंतरविद्यापीठ स्पर्धा भरू लागली आणि मुंबई विद्यापीठाने तिच्यावर दीर्घकाळ वर्चस्व गाजवले. अजित वाडेकर व सुनील गावसकर हे दोघेही याच वाटेने पुढे आले. या वर्चस्वाचे श्रेय मुंबईच्या मैदानांना व प्रशिक्षकांना दिले जाते आणि ते योग्यही आहे, परंतु विद्यापीठाचा विस्तार मोठा असण्याचाही त्यात वाटा होता. हा विस्तार १९४७ ते १९४९ या अवघ्या तीन वर्षांत तुटला. सिंधचे स्वतंत्र विद्यापीठ १९४७ मध्ये कराचीत निघाले, १९४९ मध्ये पुणे, बडोदा, गुजरात आणि कर्नाटक ही चार विद्यापीठे स्थापन झाली आणि जे कालपर्यंत एका विद्यापीठाच्या संघात जागेसाठी झगडत होते, ते समोरासमोरच्या संघांत उभे राहिले. पुणे विद्यापीठाचे कार्यक्षेत्र आरंभी पश्चिम महाराष्ट्राच्या १२ जिल्ह्यांचे होते. या विभाजनामुळे खेळाडूंसाठी चार नवे संघ निर्माण झाले, म्हणजे आंतरविद्यापीठ पातळीवर खेळण्याची संधी कैक पटींनी वाढली. हा लाभ कोणत्याही अहवालात विभाजनाचे कारण म्हणून दिलेला नसला तरी खरा होता. मुंबईची ताकद मात्र फारशी घटली नाही, कारण तिचा गाभा शहरातील महाविद्यालयांत होता.

कोकणाची स्थिती या सर्वांत अस्थिर राहिली. रत्नागिरीचे महाविद्यालय १९४५ मध्ये सुरू झाले तेव्हा मुंबई विद्यापीठाचे होते, पुढे ते पुणे विद्यापीठाकडे आणि १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ स्थापन झाल्यावर त्याच्याकडे गेले आणि अखेर मुंबईकडे परतले. म्हणजे तीन दशकांच्या आत त्याच महाविद्यालयाच्या खेळाडूंना मुंबई, पुणे आणि सह्याद्रीपलीकडील कोल्हापूर अशा तीन दिशांना निवड चाचणीसाठी तोंड करावे लागले. गोव्याची महाविद्यालये मुक्तीनंतर मुंबई विद्यापीठात आली आणि १९८५ मध्ये गोवा विद्यापीठ निघाल्यावर वेगळी झाली. आज मुंबई विद्यापीठाचे कार्यक्षेत्र मुंबई शहर व उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग असे सात जिल्ह्यांत पसरलेले आहे.

या पसरलेल्या विद्यापीठात आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा विभागवार घेतल्या जातात, म्हणजे आधी जवळच्या महाविद्यालयांत सामने होतात आणि त्यांतील विजेते आंतरविभागीय फेरीत शहराच्या विजेत्यांना भिडतात. ही रचना नसती तर कोकणातील महाविद्यालयांना पहिल्याच फेरीत माटुंग्याच्या किंवा चर्चगेटच्या बलाढ्य संघांपुढे उभे राहावे लागले असते, आणि ते खेळाच्या वाढीस पोषक ठरले नसते. तरीही अंतराचा प्रश्न सुटत नाही. रेवदंड्याहून मुंबई समुद्रमार्गे जवळ दिसते, पण गेटवे ते मांडवा ही जलवाहतूक पावसाळ्यात बंद असते आणि महाविद्यालयीन वर्ष जूनमध्ये सुरू होत असल्याने मोसमाचा आरंभ नेमका पावसात येतो. तेव्हा बहुतेकांना उरतो तो पेण आणि पनवेल मार्गे जाणारा लांबचा रस्ता. सकाळी आठ वाजता मुंबईत हजर राहण्यासाठी मध्यरात्री घर सोडणारा धावपटू आणि दहा मिनिटांत ट्रॅकवर पोहोचणारा धावपटू यांची तुलना वेळेच्या घड्याळावर होते, प्रवासाच्या नाही. हा अन्याय कोणी जाणूनबुजून केलेला नाही, पण तो अन्यायच आहे आणि क्रीडा धोरणात त्याची दखल घेतली जायला हवी.

क्रिकेटमध्ये मात्र हा किनारा उलट दिशेने जोडला गेला. रायगड जिल्हा क्रिकेट संघटना पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट संघटनेशी संलग्न आहे, तर मुंबई क्रिकेट संघटनेचा पसारा मुख्यतः महानगर आणि ठाणे-पालघर या बाजूंना आहे. म्हणून मुंबई विद्यापीठाच्या संघातून चमकलेला अलिबागचा खेळाडू मुंबईच्या निवड समितीच्या नजरेत भरला, तरी ती समिती त्याला आपल्या संघात थेट घेऊ शकत नाही, कारण त्याचा जिल्हा पुण्याकडे आहे. आणि पुण्याच्या निवडकर्त्यांनी त्याला मुंबई विद्यापीठाच्या सामन्यात पाहिलेलेच नसते. दोन यंत्रणांच्या नकाशांचा मेळ नसल्याने गुणवत्ता मधल्या फटीत अडकते.

कबड्डीचा इतिहास या पार्श्वभूमीवर वेगळा उठून दिसतो, कारण तेथे संघाचा आधार जिल्हा हाच राहिला. अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळासारख्या संस्थांनी हुतुतूचे नियम घडवले, १९५० मध्ये अखिल भारतीय कबड्डी महासंघ स्थापन झाला, १९५२ मध्ये मद्रासला पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि १९६१ मध्ये विद्यापीठांच्या क्रीडा नियंत्रण मंडळाने कबड्डीस आपल्या स्पर्धांत स्थान दिले. ही तारीख रायगडच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे, कारण ज्या वर्षी अलिबागला महाविद्यालय निघाले त्याच वर्षी या जिल्ह्याच्या गावोगावच्या मातीत रुजलेला खेळ विद्यापीठाच्या पातळीवर पोहोचला. क्रिकेटला खेळपट्टी लागते, साधने लागतात. कबड्डीला मोकळी जागा आणि चुन्याची रेघ पुरते. गणेशोत्सव मंडळे, ग्रामदैवतांच्या यात्रा आणि कोळीवाड्यांतील मंडळे या खेळाचे खरे पोशिंदे आहेत आणि राज्य अजिंक्यपद स्पर्धेत रायगड हा रायगड म्हणूनच उतरतो, मुंबई शहर व उपनगर यांच्या बरोबरीने. संघ ज्या भूमीचा, खेळाडूही त्याच भूमीचा, अशी सरळ स्थिती या एका खेळात टिकली आहे, आणि जिल्ह्यातील सामन्यांना दिसणारी गर्दी तिचीच साक्ष आहे.

अलीकडच्या काळात विद्यापीठांचे विभाजन भूगोलाऐवजी अभ्यासशाखेनुसार होऊ लागले आहे आणि त्याचे परिणाम अधिक सूक्ष्म आहेत. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने १९७२ मध्ये शेतीशिक्षण वेगळे केले, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने १९९८ पासून राज्यभरातील वैद्यकीय महाविद्यालये आपल्याकडे घेतली आणि माणगाव तालुक्यातील लोणेरे येथे १९८९ मध्ये निघालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाला २०१४ च्या कायद्याने राज्यभरातील अभियांत्रिकी महाविद्यालये संलग्न करून घेण्याचा अधिकार मिळाला. मुंबईतही डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ २०१९ मध्ये स्थापन झाले आणि एल्फिन्स्टनसारखे जुने महाविद्यालय मुंबई विद्यापीठातून बाहेर पडले. एकाच अलिबाग तालुक्यातील कला शाखेचा, वैद्यकीय शाखेचा आणि अभियांत्रिकीचा असे तीन विद्यार्थी त्यामुळे तीन विद्यापीठांच्या संघांतून परस्परांविरुद्ध खेळू शकतात. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे आणि त्यासाठी मान्यताप्राप्त स्पर्धेतील कामगिरीचे प्रमाणपत्र लागते, म्हणून संघात जागा कुठे मिळते, हा प्रश्न अभिमानापुरता उरत नाही. लहान विद्यापीठात निवड सोपी जाते, पण मैदाने, प्रशिक्षक आणि सरावाचे प्रतिस्पर्धी कमी असतात; मोठ्या विद्यापीठात हे सर्व असते, पण संघात जागाच मिळत नाही.

कोकणासाठी स्वतंत्र विद्यापीठ व्हावे ही मागणी रत्नागिरी व सिंधुदुर्गातून वारंवार पुढे आली आहे. ते झाले, तर रायगडचा समावेश त्यात करायचा की मुंबईकडेच ठेवायचा, हे ठरवताना अर्जांची आणि परीक्षा केंद्रांची गणिते मांडली जातील, जशी ती १९४९ मध्ये मांडली गेली. त्या गणितात मैदानांचाही रकाना असला पाहिजे: कोणत्या महाविद्यालयांत शारीरिक शिक्षणाची पदे भरलेली आहेत, धावपट्टी कुठे आहे, विद्यार्थ्याला निवड चाचणीला जाऊन त्याच दिवशी परतता येते का, आणि विद्यापीठाचा संघ व राज्य संघटनेचा संघ यांचे निवडकर्ते एकाच सामन्याला बसतात का. रेवदंडा, चौल, मुरुड किंवा श्रीवर्धन येथील विद्यार्थ्याच्या दृष्टीने विद्यापीठ मुंबईचे की कोकणचे, यापेक्षा या चार प्रश्नांची उत्तरे अधिक निर्णायक आहेत.