दाराच्या रबराचा इतिहास

परवा लोणावळ्याच्या पावसात बाबांची पद्मिनी पुन्हा गळली. दाराचं बीडिंग कडक होऊन पार तडकलेलं! वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स काढली. त्यांच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट १९७०च्या दशकात 'पद्मिनी' झाली. रबराची गोष्ट मात्र त्याहून जुनी. गंधक घालून तापवलेलं रबर टिकाऊ होतं, हे गुडइयरला १८३९मध्ये सापडलं. तरी हवेतला ओझोन नैसर्गिक रबरातले दुहेरी बंध तोडतो, आणि तडे जातात. ईपीडीएम रबराच्या मुख्य साखळीत हे बंधच नसतात, म्हणून नवं बीडिंग त्याचंच आणलं. आधी दाराच्या कडेचा गंज घासला, मग ते बसवलं. मावळातलं पाणी मॅटखाली मुरलं की तळाचा पत्रा सडतो, आणि कुर्ल्यात आता पद्मिनी बनत नाही. गाडी विकायला काढलेले बाबा दार लावून बघत म्हणाले, "राहू दे अजून."