बॉनेट उंच का झालं?

जुन्या जीपची पारख असलेला माणूस गाडीजवळ येण्याआधी दुरूनच बॉनेटची उंची पाहतो. बॉनेट मडगार्डांच्या जरासंच वर असेल तर ती ‘लो-बॉनेट’, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली किंवा त्यानंतरच्या लगतच्या वर्षांतली. बॉनेट पेटीसारखं उंच असेल तर ती ‘हाय-बॉनेट’, म्हणजे १९५३ नंतरच्या बनावटीची. हा फरक रूप खुलवण्यासाठी केलेला नाही. आतलं इंजिन बदललं, ते जुन्या झाकणाखाली मावेना, म्हणून झाकण उंच करावं लागलं.

युद्धातल्या जीपमध्ये सुमारे २.२ लिटरचं, ६० अश्वशक्तीचं पेट्रोल इंजिन होतं. विलीस आणि फोर्ड या दोन अमेरिकी कंपन्यांनी १९४१ ते १९४५ या काळात अशा सहा लाखांहून अधिक गाड्या बनवल्या. पुढे विलीसने सिलिंडरांचं माप तेच ठेवून ताकद वाढवली. त्यासाठी हवा आत घेणारे व्हॉल्व बाजूला होते ते वर, हेडमध्ये नेले. इंजिन उंच झालं आणि १९५३ची ‘सीजे-३बी’ ही हाय-बॉनेट जीप जन्माला आली.

आपल्याकडे १९४९ मध्ये मुंबईत माझगावला सुटे भाग जोडून विलीस जीप तयार करायला महिंद्र कंपनीने सुरुवात केली. हाय-बॉनेट जीप अमेरिकेत १९६८ मध्ये बंद झाली, पण आपल्याकडे ती पुढे कितीतरी वर्षं बनत राहिली. धरणाचं काम, जंगलखातं, पोलीस, तालुक्याची कचेरी, निवडणुकीचा प्रचार, सगळीकडे तीच.

मग १९७३ साल आलं. ऑक्टोबरमध्ये पश्चिम आशियात युद्ध पेटलं आणि पिंपामागे तीन डॉलरच्या आसपास असलेलं खनिज तेल काही महिन्यांत जवळजवळ बारा डॉलरवर गेलं. सरकारी जीपचं पेट्रोल सरकार भरत होतं. पण ज्यानं लिलावात जुनी जीप घेतली होती, त्या कंत्राटदाराला, बागाईतदाराला किंवा खेड्यातल्या डॉक्टरला ती दारात उभी करून ठेवण्याची पाळी आली. डिझेल मात्र पेट्रोलपेक्षा बरंच स्वस्त होतं. गाडी विकायची की तिचं इंजिन बदलायचं, असा तो हिशेब होता.

कंपनीनेही तीच वाट धरली. महिंद्रचा ट्रॅक्टरचा जोडधंदा १९६३ पासून इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीच्या सहकार्याने चालू होता. त्या ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल इंजिन १९७०च्या दशकात जीपमध्ये आलं. पुढच्या दशकात फ्रान्सच्या प्युजो कंपनीचं २.१ लिटरचं इंजिन आलं. कारखान्यात जे झालं, तेच गावोगावच्या अंगणांत होऊ लागलं.

अशी कामं मी जवळून पाहिली आहेत. आंब्याच्या जाड फांदीला किंवा लोखंडी तिकाटण्याला चेनपुली अडकवायची, बॉनेट आणि रेडिएटर काढायचा आणि जुनं इंजिन वर उचलून घ्यायचं. इथवरचं काम एका सकाळचं. खरी परीक्षा त्यापुढे असे. नवं इंजिन आणि जुना गिअरबॉक्स यांची भोकं जुळत नसत. मग लेथवाल्याकडून मध्ये बसणारी जाड पोलादी प्लेट करून घ्यायची. इंजिनाचा आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट एका रेषेत आला नाही तर क्लच नीट सुटत नाही आणि बेअरिंग ओरडू लागतं. इंजिनाचं फाउंडेशन चासीवर नव्या जागी वेल्ड करायचं. डिझेल इंजिन जड, म्हणून पुढच्या पाट्यांत एखादा पाटा वाढवायचा. युद्धातल्या जीपची वीज सहा व्होल्टची. डिझेलचा सेल्फ आणि हीटर प्लग यांच्यासाठी सगळं वायरिंग बारा व्होल्टचं करायचं. आणि किल्ली फिरवून डिझेल इंजिन बंद होत नाही, म्हणून पंपाचं तेल तोडणारी ओढायची तार डॅशबोर्डवर आणायची.

एवढं करूनही गाडी पळत नसे. जुनं पेट्रोल इंजिन मिनिटाला ४००० फेऱ्यांपर्यंत जाई. ट्रॅक्टरचं इंजिन त्याच्या निम्म्याच्या आसपास दमे. हाय-बॉनेट जीपचं चाक एकदा फिरायला प्रॉपेलर शाफ्टला ५.३८ फेऱ्या घ्याव्या लागत. घाटात ते ठीक, सपाट रस्त्यावर मात्र गाडी रांगे. उपाय म्हणजे क्राऊन-पिनियन बदलायचं. इथे चारही चाकं ओढणाऱ्या गाडीची मेख होती. मागचं बदलून पुढचं तसंच ठेवलं, तर फोर-व्हील लावताच पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि मधला गिअरबॉक्स तुटतो. ज्यांना दुहेरी खर्च झेपला नाही, त्यांनी पुढचा प्रॉपेलर शाफ्टच काढून टाकला. अशा कितीतरी जीपा नावाला फोर-व्हील राहिल्या.

शेवटची पायरी कागदाची. बदललेल्या इंजिनाचा नंबर आणि इंधन यांची नोंद आरटीओत करून घ्यावी लागे. अनेकांनी केली, अनेकांनी ‘बघू पुढे’ म्हटलं. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम २००० मध्ये बदललं आणि उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार करायला मनाई झाली. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका ठामपणे मांडली. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी नव्याने करावी लागते. तेव्हा इंजिनावरचा नंबर एक आणि आरसी बुकातला दुसरा निघाला, तर धडधाकट जीपही अडकून पडते.

या नियमामागे कारण आहे. ब्रेक साठ अश्वशक्तीचे आणि इंजिन दुप्पट, अशा गाड्याही रस्त्यावर आल्या होत्या. शिवाय चोरीच्या गाडीचं इंजिन खपवणं सोपं होतं. पण आंब्याखालच्या त्या कारागिरीने एका पिढीची वाहनं भंगारात जाण्यापासून वाचवली, हेही नोंदवलं पाहिजे. तिची नोंद कुठल्याही कंपनीच्या इतिहासात नाही. गंमत म्हणजे त्याच ५२व्या कलमाने ठरलेल्या अटींवर बॅटरीसारखी वेगळी ऊर्जा वापरणारा संच बसवायची वाट मोकळी ठेवली आहे. पेट्रोलवरून डिझेलवर आलेल्या जीपचा पुढचा बदल कदाचित त्या वाटेनं होईल.

तोवर कुणी जुनी जीप विकायला दाखवली, तर बॉनेटची उंची जरूर पाहा. मग ते उघडा आणि इंजिनाचा नंबर पुस्तकाशी ताडून पाहा. पैसे त्यानंतर.