नाताळातला आषाढ

नाताळच्या दिवशी विषुववृत्ताच्या दक्षिणेला कोणता ऋतू असतो, असे वर्गात विचारले की ‘उन्हाळा’ हे उत्तर एका सुरात येते. आपल्याकडे हिवाळा, म्हणून तिकडे उन्हाळा. पाठ्यपुस्तकाप्रमाणे उत्तर बरोबर आहे. पण उन्हाळा म्हणजे नेमके काय, असे पुढे विचारले की मुलांच्या डोळ्यांपुढे आपला वैशाख उभा राहतो. तापलेली जमीन, आटलेल्या विहिरी, दुपारी ओस पडलेले रस्ते. या चित्रापाशी आपण थोडे थांबायला हवे. सुमारे दीडशे वर्षांपूर्वी नाशिकहून निघालेले काही तरुण विषुववृत्त ओलांडून गेले आणि त्यांचा नाताळ तिकडे साजरा झाला. त्यांची हकिगत पाहिली तर ऋतूंविषयीच्या आपल्या बऱ्याच कल्पना तपासून घेता येतात.

त्याआधी खऱ्याखुऱ्या तापलेल्या नाताळाचे एक उदाहरण पाहू. १७८८ साली इंग्रजांनी ऑस्ट्रेलियात सिडनी येथे वसाहत केली. वसाहतीतला एक लष्करी अधिकारी वॉटकिन टेंच याने हवामानाच्या नोंदी ठेवल्या आहेत. २७ डिसेंबर १७९० रोजी, म्हणजे नाताळानंतर दोनच दिवसांनी, वायव्येकडून भट्टीच्या झळांसारखा वारा सुटला. दुपारी दोनच्या सुमारास त्याच्या तापमापकातला पारा १०९ अंश फॅरनहाइटवर, म्हणजे जवळजवळ ४३ अंश सेल्सिअसवर गेला. टेंचने हा तापमापक दक्षिणेच्या बाजूला, ऊन पोचणार नाही अशा जागी टांगला होता. आपण नाशिकला तो उत्तरेच्या भिंतीवर टांगला असता. दक्षिण गोलार्धात दुपारचा सूर्य उत्तरेकडे झुकलेला असतो, त्यामुळे सावलीची बाजू बदलते.

सिडनी ३४ अंश दक्षिणेला आहे, आणि तिथला नाताळ मुलांच्या कल्पनेतल्यासारखाच आहे. नाशिकची मुले गेली ती मात्र याहून पुष्कळ उत्तरेला, उष्ण कटिबंधात.

शरणपूरची मुले

नाशिकच्या शरणपूर रोडवरून रोज हजारो लोक ये-जा करतात. शरणपूर ही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास चर्च मिशनरी सोसायटीने वसवलेली वस्ती. त्या काळी पूर्व आफ्रिकेतून गुलाम भरून नेणारी गलबते इंग्रजी आरमार अरबी समुद्रात पकडत असे. त्यांतून सोडवलेली मुले मुंबईला उतरवली जात, आणि त्यांतली बरीच शरणपूरला आणली गेली. येथे ती लिहायला-वाचायला आणि सुतारकाम, लोहारकाम यांसारखे धंदे शिकली. इंग्रजी कागदपत्रांत त्यांचा उल्लेख ‘नासिक बॉइज’ असा येतो.

प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८६५ साली मुंबईत आला, तेव्हा त्याने आपल्या पुढच्या मोहिमेसाठी यांच्यातले नऊ तरुण निवडले. ३ जानेवारी १८६६ रोजी ही मंडळी ‘थूल’ या जहाजाने मुंबईहून झांजीबारला निघाली. पुढे १८७२ साली दुसरी तुकडी गेली. तीत जेकब वेनराइट, जॉन वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, कॅरस फरार हे तरुण होते. ऑगस्ट १८७२ मध्ये आजच्या टांझानियातल्या उन्यान्येंबे येथे ते लिव्हिंग्स्टनला मिळाले, आणि त्याच महिन्याच्या २५ तारखेला तांडा दक्षिणेकडे निघाला.

या मुलांनी नाशिकला पाहिलेला नाताळ थंडीचा होता. नाशिक २० अंश उत्तरेला आहे. २२ डिसेंबरच्या मध्यान्ही सूर्य येथे क्षितिजापासून जेमतेम साडेसेहेचाळीस अंश वर येतो आणि दिवस अकरा तासांहूनही थोडा लहान असतो. जवळच्या निफाडला तर पारा कधीकधी ५ अंशांच्याही खाली जातो. गंमत अशी, की पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ येते ती याच सुमारास, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. त्या वेळी ती जुलैतल्यापेक्षा सुमारे ५० लाख किलोमीटरांनी जवळ असते. सूर्य जवळ आला म्हणून उन्हाळा, ही समजूत खोडून काढायला निफाडची थंडी पुरेशी आहे. ऋतू ठरतात ते पृथ्वीच्या आसाच्या कलामुळे, म्हणजे ऊन किती सरळ पडते आणि किती तास पडते यावरून.

ऑक्टोबरातला वैशाख

तांडा टांगानिका सरोवराच्या पूर्व बाजूने दक्षिणेला चालला होता. ऑक्टोबर उजाडला. सात-आठ अंश दक्षिणेच्या त्या प्रदेशात ऑक्टोबरच्या मध्यास सूर्य थेट डोक्यावरून जातो. पाऊस अजून सुरू झालेला नव्हता, जमीन कोरडी होती, आकाश निरभ्र होते. लिव्हिंग्स्टनच्या रोजनिशीत या महिन्यातल्या उष्म्याची नोंद आहे. जमीन इतकी तापे की माणसांचे पाय भाजत. एरवी काटक असलेल्या काही जणांच्या पायांना सूज आली आणि ते चालण्याच्या कामाचे राहिले नाहीत. तांड्याचा वेग मंदावला.

याच नोंदीत एक मार्मिक निरीक्षण आहे. जनावरावर बसून जाण्यापेक्षा पायी चालल्याने आपल्याला बरे वाटले, कारण चालताना घाम येतो आणि त्याने उष्मा सुसह्य होतो, असे लिव्हिंग्स्टनने लिहिले आहे. शरीराच्या तापमानाला एक ग्रॅम पाणी बाष्प होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जाते. माठातले पाणी याच रीतीने गार होते. अर्थात चालण्याने शरीरात उष्णता निर्माणही होते. हवा कोरडी असेल आणि प्यायला पाणी असेल तरच हा व्यवहार फायद्याचा ठरतो. पूर्व आफ्रिकेतले तांडे पहाटे निघून दुपारच्या आत मुक्काम करीत, ते याच अनुभवाने. आपल्याकडे बैलगाडीवाले चैत्र-वैशाखात दुसरे काय करीत?

तेव्हा या मुलांचा वैशाख ऑक्टोबरात आला, नाताळात नव्हे. मग नाताळात काय झाले?

नाताळ पावसात

सूर्य दक्षिणेला सरकला की तिकडची जमीन तापते, हवा वर चढते आणि सभोवारची दमट हवा आत ओढली जाते. पावसाचा पट्टा सूर्यामागोमाग, थोडा रेंगाळत, दक्षिणेकडे जातो. आपल्याकडे तो जूनमध्ये येतो, तिकडे नोव्हेंबरच्या सुमारास. डिसेंबरात सूर्य पुष्कळ उंच असतो. १२ अंश दक्षिणेला २२ डिसेंबरच्या मध्यान्ही तो क्षितिजापासून सुमारे ७९ अंशांवर येतो, तोही दक्षिणेच्या बाजूला, आणि दिवस पावणेतेरा तासांचा असतो. पण ढग बरेचसे ऊन परतवून लावतात आणि उरलेल्यातले पुष्कळसे ओली जमीन वाळवण्यात खर्च होते. नाशिकला आपण हेच दरवर्षी पाहतो. २१ जूनचा दिवस सर्वांत मोठा, पण अंगाची लाही होते ती एप्रिल-मेमध्ये. ज्येष्ठाच्या अखेरीस पाऊस पडला की हवा निवते.

१८७२ च्या नाताळला तांड्याने मुक्काम केला. लिव्हिंग्स्टनने बैल कापला आणि प्रत्येकाला विनिमयासाठी चालणाऱ्या मण्यांचा ठरावीक वाटा दिला. त्यानंतरचे चार महिने म्हणजे पाऊस, चिखल आणि फुगलेले ओढे. बांग्वेउलू सरोवराभोवतीचा दलदलीचा प्रदेश पाण्याखाली गेला होता. आजारी लिव्हिंग्स्टनला माणसे खांद्यावर बसवून छातीइतक्या पाण्यातून पलीकडे नेत. ढगांमुळे सूर्य-तारे दिसत नव्हते, त्यामुळे आपण नेमके कोठे आहोत हेही ठरवता येत नव्हते. इतका थंड पावसाळा आपण फारच क्वचित अनुभवला, अशी नोंद त्या उष्ण कटिबंधातल्या ‘उन्हाळ्यात’ त्याने केली आहे.

नाशिकचा शेतकरी आषाढात लांबच्या प्रवासाला निघत नाही. लिव्हिंग्स्टन मात्र नाईलचा उगम शोधण्याच्या ध्यासाने भर पावसाळ्यात दलदलीत शिरला. तो आधीपासूनच आजारी होता, हे खरे. पण ऋतूशी जुळवून न घेण्याची किंमत त्याच्या शरीराने आणि त्याच्या माणसांनीही मोजली. १ मे १८७३ च्या पहाटे, आजच्या झांबियातल्या इलाला भागात, चितांबो नावाच्या मुखियाच्या गावी तो मरण पावला.

मे महिन्यातला मार्गशीर्ष

आता निर्णय सोबत्यांच्या हाती आला. यात अब्दुल्ला सुसी आणि जेम्स चुमा हे जुने सोबती होते आणि जेकब वेनराइटसारखे नाशिकचे तरुण होते. त्यांनी देह किनाऱ्यापर्यंत, सुमारे १,६०० किलोमीटर, नेण्याचे ठरवले. त्यासाठी वरून उघडे असे एक कुंपण उभारले. हृदय व आतडी काढून तेथेच झाडाखाली पुरली, देहात मीठ भरले आणि तो रोज कूस बदलत चौदा दिवस उन्हात वाळवला. मग कापड व झाडाची साल गुंडाळून तो झोळीसारखा बांधला.

हे जमले ते मे महिना असल्यामुळे, असे आम्हांला वाटते. १२ अंश दक्षिणेला एप्रिलअखेर पाऊस ओसरतो. मेमध्ये आकाश मोकळे, हवा कोरडी आणि रात्री गार असतात, आपल्या मार्गशीर्षासारख्या. हेच काम जानेवारीच्या पावसात करणे अशक्यप्राय झाले असते. देह वाळवताना त्या मंडळींनी कोरड्या हवेचा उपयोग ज्या नेमकेपणाने केला, तो पापड-सांडगे घालणाऱ्या आपल्या घरांतल्या बायकांना सहज समजेल.

दफनाच्या वेळी जेकब वेनराइटने प्रार्थना वाचली आणि झाडाच्या खोडावर नाव व तारीख कोरली. त्याने या प्रवासाची रोजनिशीही लिहिली. फेब्रुवारी १८७४ मध्ये तांडा बागामोयोला पोचला. देहासोबत जेकब इंग्लंडला गेला आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबेमधल्या अंत्ययात्रेत तो मानकऱ्यांबरोबर होता. कोरीव अक्षरांचा तो खोडाचा भाग पुढे लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीत नेण्यात आला. शोधप्रवासाच्या इतिहासात लिव्हिंग्स्टनचे नाव मोठ्या अक्षरांत येते. नाशिकच्या शाळेत शिकलेल्या या तरुणाचे नाव नाशिकच्याही फार थोड्या वर्गांत घेतले जाते.

फ्रीअरटाउनचा वारा

शरणपूरची बरीच आफ्रिकी मंडळी १८७५ नंतर मोंबासाजवळ फ्रीअरटाउन या नव्या वस्तीत राहायला गेली. मुंबईचा माजी गव्हर्नर बार्टल फ्रीअर याचे नाव तिला दिले होते आणि ती उभारणारा विल्यम प्राइस पूर्वी शरणपूरचाच प्रमुख होता. मोंबासा चार अंश दक्षिणेला, समुद्रकाठी. तिथला नाताळ मात्र खरोखर उकाड्याकडे नेणारा आहे. डिसेंबरपासून तेथे ईशान्येचा वारा वाहतो, त्याला स्वाहिलीत ‘कास्काझी’ म्हणतात. आपल्याकडे थंडीत जे ईशान्य वारे असतात, त्यांच्याच विशाल प्रवाहाचा हा पुढचा भाग. समुद्रावरून जाताना तो तापतो आणि बाष्प घेतो. दमट हवेत घाम नुसता निथळतो, वाळत नाही. तेथे चालण्याचा उपाय फसतो आणि वाऱ्याचा आसरा घ्यावा लागतो. किनाऱ्यावरच्या जुन्या घरांना प्रवाळी दगडाच्या जाड भिंती, नारळाच्या झावळ्यांची उंच छपरे आणि अरुंद, सावलीच्या गल्ल्या आहेत, त्या यासाठीच.

वर्गात करण्याजोगी एक गोष्ट सुचवतो. बारा महिन्यांची एक चकती करा, तिच्यावर नाशिकचे वैशाख, आषाढ, मार्गशीर्ष लिहा आणि ती सहा महिने फिरवा. इलालाचे वर्ष बरेचसे जुळेल, सिडनीचे आणि मोंबासाचे जुळणार नाही. का जुळत नाही, हे मुलांना अक्षांश, ढग आणि समुद्र यांच्या आधारे शोधू द्या. चकती फिरवण्याआधी शरणपूरची गोष्ट सांगायला विसरू नका.