बॉनेट उघडून बघूया

मागच्या महिन्यात एका शुक्रवारी हापिस आटोपून पुण्याहून घरी मलकापूरला निघालो. (मलकापूर म्हणजे आमचं कराडला चिकटलेलं. बुलढाण्याचं नव्हे आणि शाहूवाडीचंही नव्हे. हे दर वेळी सांगावं लागतं.) खंबाटकी चढताना गाडी गचके खायला लागली आणि समोर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा पेटला. घाट कसाबसा चढून एका धाब्यापाशी थांबलो आणि बॉनेट उघडलं.

आता बॉनेट उघडणं हा आपल्याकडचा एक विधीच आहे. काही कळत असो वा नसो, गाडी बंद पडली की बॉनेट उघडायचं, कमरेवर हात ठेवायचे आणि आत बघत राहायचं. मी बघितलं. आत होतं एक मोठं काळं प्लास्टिकचं झाकण. संपलं!

बाबांना फोन लावला. ते म्हणाले, "एखादा सिलेंडर उडत असेल. प्लगची एकेक वायर काढून बघ. जी काढल्यावर इंजिनाचा आवाज बदलणार नाही, तो सिलेंडर मेलेला."

"अहो बाबा, याला प्लगच्या वायरीच नाहीत."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग, "मग स्पार्क कुठनं जातो?"

मी इंजिनिअर. पोट भरतो ते दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधून. आणि या प्रश्नाचं उत्तर मला धड देता येईना. त्या रात्री हळूहळू घरी पोचलो, पण तो प्रश्न काही डोक्यातून गेला नाही. एका पिढीत असं काय झालं, की बाबांना जे हातानं कळायचं ते मला पदवी घेऊनही कळेना? पुढचे दोन-तीन वीकेंड यावर बरंच वाचलं आणि त्याहून जास्त आमच्या मिस्त्रीनानांचं डोकं खाल्लं. त्याचा हा वृत्तांत.

सुरुवात पद्मिनीपासून करू, कारण आजोबांकडे होती. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. पुढे कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाटच्या गाड्या निघू लागल्या. १९६४ साली आली फियाट ११०० डिलाइट. हीच पुढे १९७४ साली प्रीमियर पद्मिनी झाली, चितोडच्या राणीच्या नावावरून. १०८९ सीसीचं इंजिन, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. शतक बदलता बदलता ती बंद झाली, म्हणजे मधली पस्तीसेक वर्षं मूळ गाडी तीच! रेडिएटरची जाळी बदलली, डॅशबोर्ड बदलला, पण इंजिनाचा गाभा तोच राहिला. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी नोंदली गेली २९ ऑक्टोबर २००३ ला, आणि वीस वर्षांची मुदत संपून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली.

आपण आता हळहळतो, की काय गाडी होती, कुठलाही मिस्त्री दुरुस्त करायचा. करायचा, खरंच. पण का? कंपनी मोठ्या मनाची होती म्हणून नव्हे. लायसन्स-परमिटच्या राज्यात गिऱ्हाइकाला पर्यायच नव्हता. गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचं, मग कंपनी कशाला मॉडेल बदलेल? आणि मॉडेल बदलत नाही म्हटल्यावर १९६८ साली शिकलेली विद्या १९९८ सालीही चालायची. मी पाच वर्षांपूर्वी शिकलेलं फ्रेमवर्क आज कुत्रंही विचारत नाही, त्यामुळे मला या गोष्टीचा मनापासून हेवा वाटतो. पण गिऱ्हाइकाच्या गैरसोयीतून मिस्त्रीची सोय झाली, हे विसरून चालणार नाही.

दुसरं कारण आमच्या भागापुरतं. सातारा-सांगलीकडच्या माणसाला लोखंडाची सवय मोटारीच्या आधीपासून होती. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचं दुकान काढलं, मग लोखंडी नांगर केले. लोखंडानं जमीन नासते म्हणून शेतकरी आधी ते घेईनात! १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. इकडे साताऱ्यात धनजीशा कूपर यांनीही नांगरापासूनच सुरुवात केली आणि पुढे डिझेल इंजिनं बनवली. त्यांचा सातारा रोडचा कारखाना नंतर वालचंद समूहाकडेच गेला. मग विहिरीविहिरीवर ऑइल इंजिन आलं, आणि ते बंद पडलं की कोण येणार दुरुस्तीला? उसाला पाणी तर आजच द्यायचंय. म्हणून घरातलंच कुणीतरी शिकलं.

मिस्त्रीनाना असेच शिकले. पंधरा वर्षांचे असताना, १९७२ च्या दुष्काळात, विहिरीवरच्या इंजिनावर. डिझेलच्या पाइपातली हवा काढायची, नोझल साफ करायचा, हँडल मारून इंजिन उठवायचं. तिथून ट्रक, मग जीप, मग फियाट. "इंजिन म्हंजे काय रं, हवा, त्याल आन् ठिणगी. तीन्ही आलं की त्यानं चालायलाच पायजे," हे त्यांचं सगळं थर्मोडायनॅमिक्स. चार वर्षांच्या डिग्रीत मला हे इतक्या थोडक्यात कुणी सांगितलं नव्हतं.

माझी स्वतःची आठवण २००५ च्या आसपासची. रविवारी सकाळी बाबा आजोबांची गाडी काढायचे आणि मी बॅटरी धरायचो. डिस्ट्रिब्यूटरची टोपी काढली की आत 'पॉइंट' असायचे. दोन छोटे धातूचे ठिपके. ते उघडले की कॉइलमध्ये झटका बसून ठिणगी उडते. सतत उडून उडून ते काळे पडतात. मग पॉलिश पेपरनं घासायचे आणि दोघांत अर्धा मिलिमीटरच्या आतबाहेर फट ठेवायची. बाबांचं माप म्हणजे खिशातलं एक जुनं व्हिजिटिंग कार्ड. कार्बोरेटरमध्ये 'कचरा आला' की जेट काढून तोंडानं फुंकायचा. हत्यारं म्हणजे दहा-अकराचा पाना, डिस्मिस, पकड आणि एक फडकं. उन्हाळ्यात घाटात त्या काळच्या बहुतेक गाड्यांचं पेट्रोल पंपातच वाफ व्हायचं. तेव्हा ते फडकं भिजवून पंपावर ठेवायचं आणि झाडाखाली बसून चहा प्यायचा. चहा संपेपर्यंत गाडी सुरू.

गोड आठवण आहे, पण हिशेब केला तर? दर काही हजार किलोमीटरला पॉइंट, प्लग, टायमिंग. माझ्या आत्ताच्या गाडीचं बॉनेट मी आठ वर्षांत किती वेळा उघडलं असेल? हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं. तेव्हा घरोघरी दुरुस्ती यायची, कारण घरोघरी गाड्या बिघडायच्या!

मग कॉम्प्युटर आला कुठून? कंपन्यांनी आपल्याला लुटायला आणला, असं नानांचं ठाम मत. पण तसं नाहीये. तो आला धुरामुळे. १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. हा धूर साफ करणारा डबा फार नाजूक मिजाशीचा. एक भाग पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवा असं प्रमाण असेल तरच तो नीट काम करतो. थंडीत, घाटात, ट्रॅफिकमध्ये, सगळीकडे तेच प्रमाण राखणं फुंकून साफ करायच्या जेटला शक्य नाही. त्यासाठी धुराड्यात ऑक्सिजनचा सेन्सर हवा, तो वाचून सेकंदात अनेकदा पेट्रोल कमी-जास्त करणारा इंजेक्टर हवा, आणि दोघांच्या मध्ये गणित करणारा कुणीतरी हवा. तो म्हणजे ईसीयू. एप्रिल १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली परिसरासाठी युरो-१ आणि युरो-२ च्या तारखा ठरवून दिल्या, १ एप्रिल २००० पासून देशभर नवे निकष आले, आणि कार्बोरेटरचे दिवस भरले. दुचाकीत तो आणखी टिकला, २०२० च्या बीएस-६ पर्यंत.

थोडक्यात, पॉइंट आणि जेट गेले ते आपल्या फुप्फुसांसाठी गेले. त्याबद्दल रडण्यात अर्थ नाही.

आणि खरं सांगू का, कॉम्प्युटरनं दुरुस्ती अवघड केली हेही अर्धसत्य आहे. शनिवारी सकाळी मी पाच-सातशे रुपयांचा एक ब्लूटूथ डोंगल घेऊन नानांच्या गॅरेजात गेलो, ढेबेवाडी फाट्याजवळ. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटात तो खोचला आणि मोबाइलवर कोड आला, पी-०३०३. म्हणजे तीन नंबरच्या सिलेंडरमध्ये मिसफायर. बाबांनी वायरी काढून जे शोधलं असतं ते गाडीनं स्वतःच सांगितलं.

नाना दोन मिनिटं गप्प बसले. मग म्हणाले, "तीनवरची कॉइल दोनवर टाक." (बाबांच्या प्रश्नाचं उत्तर हे. आता प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल बसलेली असते.) टाकली, गाडी फिरवून आणली. कोड आला पी-०३०२. बिघाड कॉइलबरोबर सरकला! म्हणजे प्लग नाही, इंजेक्टर नाही, कॉइलच मेलेली. कराडातून नवी आणली, दहाच्या पान्यानं एक बोल्ट, झालं. आम्ही हापिसात डिबगिंग करतो ते दुसरं काय असतं? एकच गोष्ट बदला आणि चूक कुठे सरकते ते बघा. सातवीपर्यंत शिकलेल्या माणसानं मला माझाच धंदा शिकवला.

तर मग घोडं कुठं पेंड खातं?

ते त्याच गॅरेजात पलीकडे उभ्या असलेल्या दुसऱ्या गाडीत कळलं. मालकानं इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगचा अख्खा कॉलम भंगारातून आणला होता, नव्याची किंमत परवडेना म्हणून. नानांनी तो अर्ध्या दिवसात चोख बसवला. तरी दिवा विझेना आणि स्टिअरिंग दगडासारखं जड. कारण नव्या कॉलमच्या सेन्सरला 'सरळ म्हणजे कुठे' हे एकदा शिकवावं लागतं, आणि ती आज्ञा द्यायची तर कंपनीचं स्कॅनर हवं. नानांकडे ते नाही. शेवटी गाडी टो करून कोल्हापूरला नेली. तिथं एका पोरानं लॅपटॉप जोडून दहा मिनिटं टिचक्या मारल्या आणि दिवा विझला. नाना मला एवढंच म्हणाले, "हात चालत्यात रं अजून. परवानगी न्हाई."

मला हे झोंबलं, कारण ही परवानगी कशी बनते ते मला माहीत आहे. आम्हीच बनवतो. इंजिनाचे धुराशी संबंधित कोड साध्या डोंगलनं वाचता येतात, याचं कारण ते कायद्यानं उघडे करायला लावले. अमेरिकेत १९९६ पासून, आपल्याकडे २०१० नंतर टप्प्याटप्प्यानं. जिथं कायदा नाही तिथं कुलूप. ब्रेक, एअरबॅग, किल्ली, स्टिअरिंग हे सगळं प्रत्येक कंपनीच्या आपापल्या भाषेत. यात चोरी आणि सुरक्षेचा मुद्दा आहे, नाही असं नाही. एअरबॅगशी कुणीही सोम्यागोम्यानं खेळू नये. पण स्टिअरिंगचा शून्य ठरवायला अनुभवी मिस्त्रीला मज्जाव करण्यात कसली सुरक्षा?

हे मीच म्हणतोय असं नाही. एका गाडीमालकाच्या तक्रारीवरून आपल्या स्पर्धा आयोगानं तपास केला आणि २५ ऑगस्ट २०१४ ला १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींहून जास्त दंड ठोठावला. ठपका हाच, की सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत. ती खुल्या बाजारात द्या, असंही सांगितलं. कंपन्या अर्थातच अपिलात गेल्या. २०२२ मध्ये ग्राहक मंत्रालयानं 'दुरुस्तीचा हक्क' यावर समिती नेमली, डिसेंबरात पोर्टल काढलं. छान आहे. नानांच्या गॅरेजपर्यंत त्यातलं काही आलेलं मला दिसलं नाही.

आणि बंद कोडवर आंधळा विश्वास ठेवला की काय होतं, ते सप्टेंबर २०१५ मध्ये सगळ्या जगानं पाहिलं. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांतलं सॉफ्टवेअर 'आपली परीक्षा चालू आहे' हे ओळखायचं आणि तेवढ्यापुरता धूर कमी करायचं. जगभरात १ कोटी १० लाखांच्या आसपास गाड्या. ते उघडकीला यायला वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी मोजणीची यंत्रं गाडीत टाकून खऱ्या रस्त्यावर फिरवावी लागली. जो कॉम्प्युटर धुरासाठी आणला, त्यानंच धुराबद्दल थापा मारल्या! ही थाप कुठल्या तरी इंजिनिअरनं एका 'इफ'मध्ये लिहिली असणार, आणि नंतर बसून जेवला असणार.

असो. नानांनी आता एक सगळ्या गाड्यांना चालणारं स्कॅनर घेतलंय, कर्ज काढून. स्टिअरिंगचं काम त्यावर काही गाड्यांत होतं, काहींत होत नाही. सगळं इंग्रजीत, म्हणून शनिवारी आम्ही दोघं एका शंभर पानी वहीत मराठीत उतरवून घेतो. डावीकडे मी कोड लिहितो, उजवीकडे नाना आधी काय बघायचं ते सांगतात. पी-०३०३ समोर लिहिलंय : 'तीन नंबर उडतोय. कॉइल शेजारच्यावर टाकून बघणे. मग प्लग. मग इंजेक्टर.' 'पी'ची सतरा पानं झाली. आता 'यू'ची सुरू करायचीत. हे कोड गाडीतले कॉम्प्युटर एकमेकांशी बोलायचे बंद झाले की येतात. नानांनी विचारलंय, ते दोन वायरींवरून बोलतात म्हणजे नेमकं कसं. या शनिवारी जाताना मल्टिमीटर न्यायचा आहे.