इमोजी प्रतिसाद (दूरदृश्य बैठकांतील)

व्हिडिओ मीटिंग चालू असताना सहभागी व्यक्ती माइक न उघडता पडद्यावर उमटवते ते चित्रचिन्ह. टाळ्या, वर केलेला अंगठा, हृदय, हसरा चेहरा आणि आश्चर्यचकित चेहरा ही त्यांतील नेहमीची चिन्हे. बोलणे मध्येच न तोडता श्रोत्याची दाद, संमती किंवा अडचण वक्त्यापर्यंत पोहोचवणे हे त्याचे मुख्य कार्य. कार्यालयांत त्याला ‘रिअ‍ॅक्शन’ म्हणतात.

पूर्वपीठिका : अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाचे संगणकशास्त्रज्ञ स्कॉट फालमन यांनी १९ सप्टेंबर १९८२ रोजी विरामचिन्हांचा हसरा चेहरा सुचवला. विनोदाने लिहिलेला मजकूर ओळखू यावा, हा त्यामागचा हेतू होता. जपानमध्ये शिगेताका कुरिता यांनी १९९९ साली एनटीटी डोकोमो या मोबाइल कंपनीसाठी १२ × १२ बिंदूंच्या चौकटीत बसणारी १७६ चित्रे आखली. २०१० मध्ये युनिकोड ६.० या आवृत्तीने इमोजींना प्रमाण संकेतांक दिले आणि एका कंपनीच्या उपकरणावरून पाठवलेले चिन्ह दुसऱ्या कंपनीच्या उपकरणावर ओळखले जाऊ लागले.

कोविड साथीत कार्यालये घरी आली आणि बैठका पडद्यावर गेल्या. डिसेंबर २०१९ मध्ये झूमवर दिवसाला जास्तीत जास्त सुमारे १ कोटी सहभागी नोंदले जात. एप्रिल २०२० मध्ये हा आकडा ३० कोटींवर गेला. (एकच व्यक्ती दिवसात जितक्या बैठकांना बसेल, तितक्या वेळा ती यात मोजली जाते.) या काळात बैठकीतील प्रतिसादांचा वापर रुळला. गूगल मीटमध्ये ही सोय जानेवारी २०२३ पासून मिळू लागली.

गरज : समोरासमोर बोलताना ऐकणारा मान डोलावतो, हुंकार देतो, कपाळाला आठी घालतो आणि त्यावरून बोलणारा आपला वेग व सूर बदलतो. ऑनलाइन बैठकीत बहुतेकांचे माइक म्यूट असतात, पुष्कळांचे कॅमेरेही बंद असतात. आवाज किंचित उशिरा पोहोचत असल्याने मध्येच उच्चारलेला ‘बरोबर’ही बोलण्यावर आदळतो. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये अशा बैठकांच्या थकव्याची कारणमीमांसा केली. संमती दाखवण्यासाठी मान मुद्दाम ठळकपणे हलवण्यासारखे जादा श्रम हे त्यांतील एक कारण होते. इमोजी प्रतिसाद हे श्रम काही अंशी हलके करतो. आणि मोठ्या बैठकीत बोलायला संकोचणाऱ्या नवख्या सहकाऱ्यालाही आपण ऐकत आहोत हे सांगता येते.

प्रकार : प्रतिसाद दोन प्रकारचे असतात. क्षणिक प्रतिसाद काही सेकंदांत आपोआप मावळतो. झूममध्ये तो साधारण १० सेकंद टिकतो. स्थायी प्रतिसाद काढून घेईपर्यंत राहतो. वर केलेला हात, तसेच झूममधील ‘होय’, ‘नाही’, ‘सावकाश’ आणि ‘जलद’ ही चिन्हे या प्रकारात येतात. क्षणिक चिन्हाने दाद दिली जाते. स्थायी चिन्हाने बोलण्याची पाळी मागता येते किंवा झटपट कौल घेता येतो.

मर्यादा : चिन्हाचा अर्थ प्रसंगाने ठरतो. जोडलेले हात भारतात नमस्कार म्हणून वाचले जातात. जपानमध्ये त्यांतून विनंती किंवा आभारही व्यक्त होतात. बैठकीत अंगठा दाखवणाऱ्याला ‘ऐकले’ एवढेच म्हणायचे असते, पण पाहणारा त्याचा अर्थ ‘मान्य आहे’ असा घेऊ शकतो. हा फरक किती महागात पडू शकतो, हे कॅनडातील एका खटल्यात दिसले. जवसाच्या खरेदी कराराचे छायाचित्र मोबाइलवर आल्यावर एका शेतकऱ्याने उत्तरादाखल अंगठ्याचे इमोजी पाठवले. करार मिळाल्याचे एवढेच आपण कळवले, असे त्याचे म्हणणे होते. सस्कॅचवान प्रांतातील न्यायालयाने २०२३ मध्ये ती कराराची स्वीकृती ठरवली आणि सुमारे ८२,००० कॅनेडियन डॉलरची भरपाई द्यायला लावली. हे प्रकरण बैठकीतले नव्हते, पण त्यातला धडा बैठकीलाही लागू आहे.

हावभाव ओळखणाऱ्या प्रणालींमुळे चिन्हे नकळतही उमटतात. २०२३ मध्ये आलेल्या मॅकओएस सोनोमा या प्रणालीत कॅमेऱ्यासमोर दोन्ही अंगठे वर केल्यास पडद्यावर आतषबाजी होते. नोकरकपात किंवा निधनवार्ता यांसारख्या विषयाच्या बैठकीआधी ही सोय बंद ठेवणे श्रेयस्कर. स्वतःचा पडदा इतरांना दाखवत असलेल्या वक्त्याच्या नजरेतून प्रतिसाद निसटतात. अशा वेळी ते पाहण्याचे काम दुसऱ्या सहकाऱ्याकडे द्यावे. दृष्टिहीन सहभागींसाठी कौलाचा निकाल तोंडी सांगावा.

वापराचे संकेत : वरिष्ठ बोलले की सगळ्यांनी टाळ्यांचे चिन्ह दाबायचे, असा पायंडा पडला तर प्रतिसादातून काहीच कळेनासे होते. म्हणून प्रतिसाद ऐच्छिक असावा. ‘नाही’ किंवा ‘सावकाश’ या चिन्हांनाही टाळ्यांइतकाच मान मिळावा. पैसा, मुदत व जबाबदारी यांविषयीची संमती मात्र नावानिशी विचारून इतिवृत्तात लिहावी. श्रोता लक्ष देत आहे एवढे चिन्हावरून कळते. तो बांधील आहे की नाही, हे त्याच्या शब्दांनीच ठरले पाहिजे.