हलकी, कडू आणि फसवी: कमी अल्कोहोलच्या हॉपी बिअरची गोष्ट

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी हा लेखी मजकूर. माइकसमोर जसं बोललो, बरंचसं तसंच ठेवलंय.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. महाराष्ट्रात बिअरसाठी कायदेशीर वय २१ आहे. आणि हा एपिसोड कुणी प्यावी म्हणून नाही. ज्यांनी कधी थेंबही घेतलेला नाही, त्यांनाही यातला इतिहास आवडेल असा आहे.

तर, गेल्या महिन्यातली गोष्ट. बाणेरला एका ठिकाणी आम्ही चौघं बसलो होतो. मेनूवर होतं, 'सेशन आयपीए, ४ टक्के'. कडवट, संत्र्याच्या सालीसारखा वास, एकदम फ्रेश. गप्पा रंगल्या आणि माझे चार ग्लास झाले. निघताना मी बाइकची किल्ली काढली. माझा मावसभाऊ, ज्याला मी दादा म्हणतो, त्याने विचारलं, "किती झाले रे?"

"चार. पण दादा, हलकी आहे ती. ज्यूससारखी."

दादाने माझ्या हातातून किल्ली घेतली, स्वतःच्या खिशात टाकली आणि फोनवर कॅल्क्युलेटर उघडला. त्याने काय हिशेब केला, ते शेवटी सांगतो. कारण घरी आल्यावर माझ्या डोक्यात तो एकच शब्द फिरत राहिला: हलकी. ही हलकी पण कडू बिअर आली कुठून? नवीन फॅशन आहे का? शोधत गेलो, तर गोष्ट शेकडो वर्षं मागे गेली.

सुरुवात हॉप्सपासून करू. हॉप्स म्हणजे एका वेलीची फुलं. हिरवी, कागदासारखी पातळ पाकळ्यांची, आत पिवळी चिकट पूड. बिअरला कडूपणा आणि तो खास वास यांच्यामुळे येतो. पण माणसाने हॉप्स वापरायला लागण्याचं एक मोठं कारण चवीच्या पलीकडचं होतं. बिअर आंबवून खराब करणारे जे जिवाणू असतात, त्यातल्या बऱ्याच जणांना हॉप्समधली कडू द्रव्यं वाढू देत नाहीत. बाराव्या शतकात जर्मनीत हिल्डेगार्ड नावाची एक विदुषी जोगीण होऊन गेली. तिने लिहून ठेवलंय की हॉप्सच्या कडूपणामुळे पेयं लवकर नासत नाहीत. आणि गंमत म्हणजे, हॉप्समुळे माणूस उदास होतो असंही तिनेच लिहिलंय!

इंग्लंडमध्ये तेव्हा 'एल' प्यायचे, म्हणजे हॉप्स न घातलेली. ती टिकवायची तर भरपूर माल्ट घालून कडक करावी लागायची. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं जव. पुढे पंधराव्या शतकात समुद्रापलीकडून, आजच्या नेदरलँड्स-बेल्जियमच्या भागातून, हॉप्सवाली बिअर इंग्लंडमध्ये रुजायला लागली. १५७४ मध्ये रेनॉल्ड स्कॉट नावाच्या माणसाने हॉप्सच्या शेतीवर पुस्तक लिहिलं. त्यात त्याने सरळ धंद्याचा हिशेब मांडला: एक बुशेल माल्टपासून एल होते ८-९ गॅलन. तेवढ्याच माल्टमध्ये हॉप्स घातले, तर बिअर होते १८-२० गॅलन.

इथे जरा थांबा. माल्ट तेवढंच, बिअर दुप्पट. म्हणजे काय झालं? बिअर पातळ झाली, अल्कोहोल कमी झालं, तरी ती टिकली. आधी अल्कोहोल जे राखणीचं काम करायचं, त्यातलं बरंचसं हॉप्सने उचललं. 'कमी अल्कोहोल, जास्त हॉप्स' ही जोडी आज मेनूवर नवी वाटते, पण तिचं मूळ या साडेचारशे वर्षं जुन्या हिशेबात आहे.

आता आपल्या मुंबईकडे येऊ. आयपीए म्हणजे 'इंडिया पेल एल'. नावातच इंडिया. तुम्ही ती गोष्ट ऐकली असेल: इंग्लंडहून जहाज निघायचं, चार-सहा महिने लागायचे, बिअर वाटेत नासायची, म्हणून खास हिंदुस्थानसाठी प्रचंड कडक बिअर शोधून काढली. बारमध्ये ही गोष्ट हमखास सांगतात. मीही सांगितली आहे. आणि ती बरीचशी चुकीची आहे.

खरं असं, की अठराव्या शतकाच्या शेवटी लंडनचा जॉर्ज हॉजसन नावाचा ब्रुअर होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या गोदीपासून त्याची ब्रुअरी जवळ. जहाजांच्या कप्तानांना तो लांब मुदतीची उधारी द्यायचा. साहजिकच त्याचा माल कलकत्ता, मद्रास, मुंबईला जायला लागला. पुढे १८२० च्या दशकात बर्टन गावच्या ऑलसॉपसारख्या ब्रुअरांनी हा बाजार हातात घेतला. या बिअरमध्ये हॉप्स भरपूर असायचे, हे खरं. पण अल्कोहोल साधारण ६ ते साडेसहा टक्के. आज आपल्याला ते जास्त वाटतं, पण त्या काळच्या इंग्लंडमध्ये याहून कितीतरी कडक बिअर मिळायच्या. म्हणजे त्या मापात आयपीए मध्यमच होती. काळपट पोर्टर बिअरसुद्धा त्याच जहाजांतून इथे यायची, इथल्या गोऱ्या शिपायांसाठी, आणि नीट पोचायची.

तरी आयपीएसुद्धा आजच्या अर्थाने 'हलकी' नव्हतीच. ब्रिटनची बिअर खऱ्या अर्थाने हलकी केली ती दोन गोष्टींनी: कर आणि युद्ध.

१८८० मध्ये ग्लॅडस्टनने ब्रिटनमध्ये माल्टवरचा कर काढला आणि थेट बिअरवर लावला. तोही आंबवण्याआधीच्या रसात साखर किती, म्हणजे रस किती दाट, ते मोजून. जितकी कडक बिअर, तितका जास्त कर. मग १९१४ ला पहिलं महायुद्ध सुरू झालं. एका बॅरलवरचा कर ७ शिलिंग ९ पेन्सवरून एकदम २३ शिलिंगवर गेला, आणि १९२० पर्यंत १०० शिलिंगवर! धान्य भाकरीला हवं होतं. दारूगोळ्याच्या कारखान्यातला कामगार सोमवारी शुद्धीत हवा होता. पबच्या वेळा कापल्या, दुपारी पब बंद ठेवायची सक्ती आली. इंग्लंडमध्ये ती दुपारची बंदी थेट १९८८ पर्यंत टिकली, विचार करा.

आकड्यात सांगतो. पाण्याची घनता १००० धरली, तर १९१४ मध्ये ब्रिटिश बिअरच्या मूळ रसाची सरासरी घनता १०५२ च्या आसपास होती. १९१९ मध्ये ती १०३० च्या आसपास आली. म्हणजे साधारण ५ टक्क्यांची बिअर पाच वर्षांत ३ टक्क्यांवर. लोकांनी शिव्या घातल्या, 'सरकारी बिअर' म्हणून टिंगल केली. पण युद्ध संपल्यावरही ती पहिल्यासारखी कडक कधी झाली नाही. साडेतीन-चार टक्क्यांची 'बिटर' हीच नेहमीची बिअर होऊन बसली. संध्याकाळी पबमध्ये बसायचं, दोन-तीन ग्लास घ्यायचे, गप्पा मारायच्या आणि आपल्या पायांनी घरी जायचं. अशा बैठकीच्या बिअरला पुढे 'सेशन बिअर' नाव पडलं.

नंतरचा डाव अमेरिकेत. तिथल्या छोट्या ब्रुअऱ्यांनी हॉप्सची शर्यतच लावली. १९९४ मध्ये कॅलिफोर्नियात विनी सिलुर्झोने 'डबल आयपीए' बनवली. हॉप्स दुप्पट, अल्कोहोलही चढं. आता ७-८ टक्क्यांची बिअर किती पिणार? दुसऱ्या ग्लासला माणूस आडवा. म्हणून २०१० च्या सुमारास उलटा प्रवास सुरू झाला. मिशिगनच्या फाउंडर्स ब्रुअरीची 'ऑल डे आयपीए' आली, ४.७ टक्क्यांची. वास मोठ्या आयपीएचा, ताकद कमी. हीच ती सेशन आयपीए, जी फिरत फिरत बाणेरच्या मेनूवर आली.

बरं, मग चांगलं काय आणि वाईट काय?

चांगलं आधी. एक, चव मिळते आणि नशा कमी. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बिअरमध्ये मोठा वाटा स्ट्राँगचा आहे. आपल्या नियमांप्रमाणे ५ टक्क्यांच्या वर ८ पर्यंत म्हणजे स्ट्राँग. तिथे चव कोण बघतो? 'पैसे वसूल' झाले की नाही, एवढंच. हलकी हॉपी बिअर निदान चवीकडे लक्ष द्यायला लावते. दोन, एक ग्रॅम अल्कोहोलमध्ये ७ कॅलरी असतात, म्हणजे अल्कोहोल कमी तर तेवढ्या कॅलरी कमी. तीन, सरकारांनाही ती सोयीची वाटते. ब्रिटनने ऑगस्ट २०२३ पासून साडेतीन टक्क्यांखालच्या बिअरवर कमी कर ठेवला, आणि तिथल्या अनेक ब्रुअऱ्यांनी आपली बिअर ३.४ वर आणली. १९१४ सारखंच, करानेच ताकद ठरवली.

आता वाईट. पहिली अडचण बनवणाऱ्याची. अल्कोहोल आणि माल्टची गोडी यामुळे बिअरला जिभेवर एक भरीवपणा येतो आणि कडूपणा झाकला जातो. माल्ट कमी केलं आणि हॉप्स तेवढेच ठेवले, तर बिअर म्हणजे पातळ, कडू काढा. स्कॉटलंडच्या ब्रूडॉगने २००९ मध्ये 'नॅनी स्टेट' नावाची १.१ टक्क्याची बिअर काढली होती. त्याआधी त्यांच्या १८ टक्क्यांच्या बिअरवरून टीका झाली होती, त्याला हे उत्तर. त्यात त्यांनी मुद्दाम हॉप्स बेसुमार ओतले. ती प्यायला सोपी नव्हती, एवढंच म्हणतो! म्हणून चांगले ब्रुअर ओट्स घालतात, माल्ट जरा जास्त तापमानाला भिजवतात, म्हणजे न आंबणारी साखर उरते आणि बिअर भरीव लागते. मेहनत आहे.

दुसरी अडचण वासाची. हॉप्सचा तो संत्र्या-आंब्यासारखा वास फार नाजूक. उष्णता आणि हवा लागली की उडतो. आपल्या एप्रिल-मे मध्ये फ्रिजबाहेर राहिलेली हॉपी बिअर म्हणजे नुसता कडूपणा उरलेली बिअर. आणि हॉप्स महाग, त्यामुळे अल्कोहोल कमी म्हणून बिल कमी, असं होत नाही.

तिसरी अडचण सगळ्यात मोठी. तिच्यासाठी दादाच्या कॅल्क्युलेटरकडे परत जाऊ.

चार ग्लास, प्रत्येकी ३३० मिली. झाले १३२० मिली. त्याचे ४ टक्के म्हणजे ५२.८ मिली शुद्ध अल्कोहोल. मग दादाने दुसरा हिशेब केला: स्ट्राँग बिअरची एक मोठी बाटली, ६५० मिली, ८ टक्के. ५२ मिली.

बघा परत. माझ्या चार 'हलक्या' ग्लासांत एका अख्ख्या स्ट्राँग बाटलीपेक्षा थोडं जास्तच अल्कोहोल होतं. दादा म्हणाला, "स्ट्राँगची बाटली संपवून गाडीवर बसला असतास का?" नसतो बसलो. कधीच नाही. आपल्याकडे कायद्याने चालकाच्या १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असलं की गुन्हा. पण मला पोलिसांपेक्षा माझीच भीती वाटली. कारण मी खोटं बोलत नव्हतो. मला खरंच वाटत होतं की मी काही प्यायलोच नाहीये.

टक्का ग्लासचा असतो, शरीराला पोचतं ते एकूण. स्ट्राँग बाटली घेताना माणूस निदान सावध असतो. हलकी बिअर ती सावधगिरीच काढून घेते. तो ब्रिटिश कामगार तीन ग्लास घेऊन चालत घरी जायचा, हे आपण विसरतो. त्याच्याकडे बाइक नव्हती. आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलंय की आरोग्याला पूर्ण सुरक्षित असं दारूचं कोणतंच प्रमाण नाही. हलकी म्हणजे कमी धोका, तोही कमी प्यायली तरच.

मला अजूनही ती बिअर आवडते, खोटं कशाला बोलू. स्ट्राँगपेक्षा ती बरी, असंही वाटतं. फक्त आता टक्के बघितल्यावर मी ग्लास मोजतो, आणि बाइक घरी ठेवून जातो. बिअर टिकवायचं काम हॉप्सने केव्हाच उचललं. माणसाला थांबवायचं काम मात्र त्यांच्याकडून होत नाही.

त्या रात्री आम्ही रिक्षाने आलो. किल्ली दादाने दुसऱ्या दिवशी दुपारी दिली, तीही आधी पोहे खायला घालून.

तुमच्या ग्रुपमध्ये असा किल्ली काढून घेणारा कुणी आहे का? असेल तर हा एपिसोड त्याला किंवा तिला पाठवा, आणि थँक्यू म्हणा. भेटू पुढच्या आठवड्यात. तोवर काळजी घ्या!