शेव्हरोलेचं खरं साल

जुन्या अमेरिकी पिकअपच्या कागदावर 1949 लिहिलेलं असेल, तर त्यातून एवढंच सिद्ध होतं की कुणीतरी कधीतरी त्यावर 1949 लिहिलं. गाडी त्या सालची असेलच असं नाही. अमेरिकेत पुढच्या सालाचं मॉडेल आदल्या वर्षाच्या शेवटी बाजारात येई. विक्रेत्याकडे पडून राहिलेली गाडी उशिरा खपली, की अनेकदा विक्रीचंच साल कागदावर चढे. काही राज्यांत तर नोंदणी इंजिनाच्या नंबरावर होई. पुढे इंजिन बदललं, की कागद एका गाडीचा आणि गाडी दुसरीच. 17 आकडी ओळख क्रमांकाची सर्वांना समान पद्धत 1981 च्या मॉडेलांपासून आली. त्याआधी प्रत्येक कंपनीची तऱ्हा वेगळी होती.

फोर्डने 1925 मध्ये कारखान्यातूनच हौदा बसवलेली मॉडेल टी 281 डॉलरला विकायला काढली. त्या वर्षी सुमारे 34 हजार गाड्या खपल्या. तिचा नंबर इंजिनावर ठोकलेला असे. इंजिन एका ठिकाणी बने आणि गाडीची जुळणी दूरच्या दुसऱ्या कारखान्यात होई. त्यामुळे त्या नंबरावरून निघणारी तारीख इंजिनाची, गाडीची नव्हे.

साल ओळखण्याची खरी मौज आहे ती शेव्हरोलेच्या ‘अ‍ॅडव्हान्स डिझाइन’ पिकअपमध्ये. 1947 च्या उन्हाळ्यात आलेलं हे गोलसर रूप 1955 च्या वसंतापर्यंत टिकलं. लांबून सगळ्या सारख्याच. जाणकार मात्र आधी पेट्रोलची टाकी शोधतो. 1947-48 च्या अर्ध्या टनी गाडीत ती हौद्याखाली असे, 1949 पासून ती केबिनमध्ये सीटच्या मागे उभी राहिली. मग नजर दाराकडे जाते. पुढच्या कोपऱ्यात हवेसाठी उघडणारी तिकोनी काच असेल, तर गाडी 1951 किंवा नंतरची. फिरवायच्या मुठीऐवजी दाबायचं बटण असेल, तर 1952 किंवा नंतरची. 1954 ला पाच आडव्या पट्ट्यांची जाळी गेली आणि दोन तुकड्यांच्या पुढच्या काचेच्या जागी एकसंध वक्र काच आली.

अर्थात दारं बदलता येतात, जाळी तर एका दुपारीत. म्हणून कारखान्याने लावलेली क्रमांकाची पाटी वाचायची.

ही पाटी चालकाच्या दाराच्या बिजागरीजवळच्या खांबावर असते. तिच्यावर, समजा, ‘3GPE’ आणि पुढे आकडे आहेत. 3 म्हणजे सेंट लुईसचा कारखाना. 1 असता तर फ्लिंट, 6 असता तर ओकलंड. G हे 1949 चं अक्षर, P अर्ध्या टनी 3100 मालिकेचं, तर E म्हणजे पाचवा महिना, मे. वर्षाची अक्षरं 1947 ला E पासून सुरू होतात, 1950 ला H येतं आणि मग I गाळून 1951 ला थेट J. हे एक गाळलेलं अक्षर विसरणारे पुढचं सगळं गणित वर्षभराने चुकवतात. 1953 पासून मात्र कंपनीने सरळ 53, 54 असे आकडेच घातले. उशिरा सुचलेलं शहाणपण म्हणायचं.

आता पाटीवरचे शेवटचे आकडे, म्हणजे अनुक्रमांक. ‘माझी गाडी अमुक हजारावी’ असं अभिमानाने सांगणारे मालक इथेच फसतात. प्रत्येक कारखाना आपली मोजणी स्वतंत्रपणे 1001 पासून सुरू करी. सेंट लुईसची 5000 क्रमांकाची गाडी त्या कारखान्यातली साधारण चार हजारावी, साऱ्या अमेरिकेतली नव्हे. एका पाटीवरून एकूण उत्पादन काढणं म्हणजे एका बोगीतली डोकी मोजून गाडीतले प्रवासी सांगणं.

साक्षीदार आणखी एक आहे, तो म्हणजे इंजिनाचं ओतकाम. ब्लॉकवर महिन्याचं अक्षर, तारीख आणि वर्षाचा शेवटचा आकडा उठवलेला असतो. D 12 9 म्हणजे 12 एप्रिल 1949. हा ब्लॉक मे महिन्याच्या पाटीशी जुळतो. ओतकाम पाटीनंतरचं निघालं, तर इंजिन बदललेलं आहे हे नक्की.

1955 मध्ये तर पंचाईतच. त्या एका सालात दोन निरनिराळे ट्रक निघाले. आधी जुन्याच रूपाची ‘पहिली मालिका’, मार्चनंतर पूर्ण नव्या घाटाची ‘टास्क फोर्स’. ‘1955 चा स्पेअर द्या’ म्हणणाऱ्याला दुकानदाराने ‘कुठल्या 1955 चा?’ असं विचारलं, तर तो खोडी काढत नसतो.

शेव्हरोलेची पालक कंपनी जनरल मोटर्स मुंबईत शिवडीला 1928 पासून 1954 पर्यंत गाड्यांची जुळणी करत होती, तेव्हा हे नाव इथे परकं नाही. भारतात 2021 च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला 50 वर्षं उलटलेली, मूळ रूपात राखलेली दुचाकी वा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते आणि तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. नियम नोंदणीची तारीख पाहतो, मॉडेलचं साल नव्हे. पण गाडीचं खरं साल पाटी आणि ब्लॉकच सांगतात. म्हणून ज्यांच्या वाड्यात वा गोदामात अशी गाडी उभी आहे, त्यांनी ती रंगाऱ्याच्या ताब्यात देण्याआधी दाराच्या खांबावरची पाटी आणि ब्लॉकवरची अक्षरं यांचे स्वच्छ फोटो काढून ठेवावेत.